उपचारात्मक वाचनवर्ग: आठ महिन्यांनंतरचा अभिप्राय

आमच्या नऊ वर्षांच्या मुलीला डिस्लेक्सिया, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचन-लेखन शिकण्यात येणारी अडचण, असल्याचे निदान झाल्यानंतर आम्ही तिला आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी पाऊण तास, एका उपचारात्मक अध्यापन केंद्रात पाठवू लागलो. त्याला आता आठ महिने झाले. केंद्र चांगले आहे, हे निःसंकोचपणे सांगते. मात्र ते कशामुळे चांगले आहे, हे तपशिलाने लिहिणे मला अधिक गरजेचे वाटते.

मुलगी ऐकलेली गोष्ट बारकाव्यांसह सांगते, पण वाचताना पहिले अक्षर पाहून, चित्राच्या आधाराने उरलेला शब्द अंदाजाने पुरा करत असे. आम्ही घरी एकच धडा पुन्हा पुन्हा वाचून घेत होतो आणि ती तो पाठ करत होती. केंद्रातील बाईंनी पहिले दोन आठवडे पुस्तक उघडलेच नाही. ‘कमळ’मधून ‘क’ काढला तर काय उरते, ‘काका’ आणि ‘काकी’ यांत नेमके काय बदलले, असे निव्वळ कानांनी सोडवायचे प्रश्न त्या विचारत राहिल्या. मला हा वेळेचा अपव्यय वाटला आणि मी तसे बोलूनही दाखवले. तेव्हा त्यांनी शांतपणे सांगितले, की मूळ अडचण बहुधा डोळ्यांत नसून शब्दातले ध्वनी सुटे करण्यात आणि त्यांची अक्षरांशी सांगड घालण्यात असते.

त्यांची पद्धत अमेरिकी डॉक्टर सॅम्युअल ऑर्टन आणि शिक्षिका ॲना गिलिंगहॅम यांच्या कामावर आधारलेली आहे. पाहणे, ऐकणे, उच्चारणे आणि बोटाने गिरवणे एकाच वेळी करायचे आणि एक पायरी पक्की झाल्याशिवाय पुढची घ्यायची नाही, असे तिचे स्वरूप आहे. ती मुळात इंग्रजीसाठी घडलेली असल्यामुळे देवनागरीला जशीच्या तशी लावता येत नाही. ‘किती’मधली ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी लिहिली जाते, पण तिचा स्वर नंतर उच्चारला जातो, ‘गर्व’मधला र आधी ऐकू येतो, पण पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो. बाईंनी व्यंजनांच्या आणि स्वरचिन्हांच्या सुट्या पट्ट्या करून, आधी ऐकायचे, मग पट्ट्या मांडायच्या आणि शेवटी लिहायचे, असा क्रम ठेवला. मुलगी ‘गर्व’ला ‘गव’ म्हणाली, तर “नीट बघ” असे न म्हणता त्या रफाराच्या पट्टीपर्यंत मागे जातात. चूक नेमकी कोणत्या पायरीवर झाली हे शोधण्याची ही चिकाटीच या केंद्राची खरी गुणवत्ता आहे.

यापूर्वी आम्ही पाहिलेल्या एका ठिकाणी वाचन सुधारण्यासाठी रंगीत चष्म्याचा आग्रह झाला होता. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी 2009 मध्येच अशा उपायांना पुरेसा वैज्ञानिक आधार नसल्याचे संयुक्त निवेदन दिले आहे. येथे असे काही गळ्यात मारले जात नाही आणि पूर्ण बरे करण्याचे आश्वासनही मिळत नाही. उलट, शाळेचे धडे तिला वाचून दाखवा, वाचन सुधारेपर्यंत समज थांबवू नका, असे त्यांनी पहिल्याच भेटीत बजावले.

उणिवाही आहेत. मासिक अहवालात ‘प्रगती समाधानकारक’ एवढेच लिहिलेले असते. कोणती जोडाक्षरे पक्की झाली, हे आम्हालाच विचारावे लागते. लेखनाकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. संध्याकाळची वेळ मिळाल्याने मुलगी शाळेतून थकून येते आणि शेवटची दहा मिनिटे वाया जातात, म्हणून सुट्टीच्या दिवशी सकाळची वेळ मागितली आहे.

आज ती अनोळखी परिच्छेद सावकाश, पण अंदाज न बांधता वाचते. वेग अजून वर्गातल्या मुलांपेक्षा बराच कमी आहे. प्रवेशापूर्वी पालकांना एक पूर्ण तासिका मागे बसून पाहू देतात. ती मुभा जरूर घ्यावी, आणि मूल चुकल्यावर बाई काय करतात, तेवढेच पाहावे.