ड्युसेलडॉर्फचा ‘बोट’ शो: गोव्यातून जायचं असेल तर

डॉल्फिन दाखवायला न्यायची फायबरची नवी होडी घ्यायची असेल, तर जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फच्या वाटेला जाऊ नका. तिथे तशी होडी मिळणार नाही आणि मिळालीच तर परवडणार नाही. त्यासाठी कोचीचा इंडिया बोट अँड मरीन शो बरा, मडगावहून एर्नाकुलमच्या गाडीत बसलं की झालं. पण डायव्हिंगचा धंदा, भाड्याने द्यायची यॉट, इंजिनदुरुस्तीचं वर्कशॉप किंवा पाँटून म्हणजे तरंगत्या जेटीचं काम असेल, तर तिथला जानेवारीतला बोटींचा शो ‘बोट ड्युसेलडॉर्फ’ एकदा पाहावाच. जाताना सोबत आपल्या बोटीची यादी मात्र हवी. यादीशिवाय गेलेला माणूस पिशवीभर कॅटलॉग घेऊन परत येतो.

शो १९६९ पासून भरतो. नऊ दिवस, शनिवार ते पुढच्या आठवड्याचा रविवार, सकाळी १० ते संध्याकाळी ६. सोळा-सतरा हॉल, दीड हजारांच्या आसपास कंपन्या आणि दोन लाखांवर लोक. सगळं छपराखाली. हीच त्याची ताकद आणि हीच उणीव. बोटी कोरड्यावर उभ्या असतात, म्हणून तळ, पंखा (प्रोपेलर), त्याला फिरवणारा शाफ्ट, सुकाणू हाताच्या अंतरावर दिसतं. पाण्यातल्या शोमध्ये हे बघायला मिळत नाही. उलट इंजिनाचा आवाज, कंप, लाटेवरची चाल यातलं काहीच कळत नाही. बोट विकत घ्यायचीच असेल तर सप्टेंबरातला जिनोव्हाचा शो आमच्या मते सरस: तिथे बोटी पाण्यात असतात आणि गोव्याचा सीझनही अजून सुरू झालेला नसतो. सामान, सुटे भाग आणि डायव्हिंग यांच्यासाठी ड्युसेलडॉर्फला तोड नाही.

अडचण तारखांची. जानेवारीच्या उत्तरार्धात गोव्यात धंदा ऐन भरात असतो. त्यामुळे बहुतेक मालक डिसेंबरात बेत आखतात आणि रद्दही करतात. मालकाने गल्ल्यावर बसावं आणि बोटीची देखभाल करणाऱ्याला पाठवावं, हेच शहाणपणाचं. स्टॉलवर बसलेले बरेच जण स्वतः इंजिनिअर असतात, आणि इम्पेलर (पंपातलं रबरी चक्र) बदलायला किती स्क्रू काढावे लागतात हे त्यांना मेकॅनिकच नीट विचारू शकतो.

गोव्याचे शेंगेन व्हिसाचे अर्ज जर्मनीच्या मुंबई वाणिज्य दूतावासाच्या कक्षेत येतात. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, उशिरात उशिरा १५ दिवस आधी. फी ९० युरो, विमा किमान ३०,००० युरोचा. ऑक्टोबरातच अपॉइंटमेंट घ्या, कारण पुढे नाताळच्या प्रवाशांची रांग लागते. मोपा किंवा दाबोळीहून मुंबई, तिथून फ्रँकफर्ट आणि विमानतळाखालूनच सुटणाऱ्या जलद रेल्वेने साधारण दीड तासात ड्युसेलडॉर्फ, हा मार्ग सोपा. रेल्वेचं स्वस्त तिकीट त्याच एका गाडीला बांधलेलं असतं. विमान उशिरा उतरलं की ते बाद. थोडे जास्त पैसे देऊन कुठल्याही गाडीला चालणारं तिकीट घ्या.

शोच्या दिवसांत शहरातल्या हॉटेलांचे भाव चढलेले असतात. ड्युइसबुर्गला उतरलेलं बरं. तिथून यू-७९ ही ट्राम थेट प्रदर्शनाच्या पूर्व दारापर्यंत येते. ड्युसेलडॉर्फच्या मुख्य स्टेशनवरून यू-७८ उत्तर दाराला जाते. बाहेर थंडी शून्याच्या आसपास, आत हीटर. जाड जॅकेट सामानघरात ठेवून द्या, नाहीतर दिवसभर ते हातात वागवावं लागतं. बूट घालता-काढता येणारे हवेत. बऱ्याच यॉटवर चढण्याआधी बूट खालच्या टोपलीत टाकावे लागतात आणि दहा बोटी बघायच्या म्हणजे दहा वेळा तेच. मोज्यांकडे आदल्या रात्रीच बघून घ्या. सहा नंबरच्या हॉलमधल्या मोठ्या यॉटवर पूर्वनोंदणीशिवाय चढू देतील याचा भरवसा नाही. निर्मात्याला आधी ईमेल केलेली बरी.

मंगळवार ते गुरुवार असे तीन दिवस पुरतात. शनिवार-रविवार कुटुंबं आणि मुलं येतात, तेव्हा स्टॉलवाल्याशी दहा मिनिटं सलग बोलणं कठीण. पहिला दिवस इंजिन आणि सुट्या भागांना द्या, दुसरा आपल्या खास विषयाला, तिसरा फक्त दुसऱ्यांदा भेटायच्या चार-पाच स्टॉलांना. भाव आणि अटी पहिल्या भेटीत निघत नाहीत. खाणं महाग आणि गोंयकाराच्या जिभेला बेताचंच. पावात घातलेला खारवलेला हेरिंग मात्र खाऊन बघा.

आता यादीत काय असावं. आपल्या बोटीचे फोटो, इंजिनाच्या पाटीवरचा मॉडेल आणि सिरियल नंबर, शाफ्टचा व्यास मिलिमीटरमध्ये, पंख्याचा व्यास आणि पिच (एका फेऱ्यात किती पुढे सरकतो ते), बॅटरीचा व्होल्टेज, थ्रू-हल म्हणजे तळातून आरपार बसणाऱ्या फिटिंगचा आटा. सर्वांत जास्त घोटाळा या शेवटच्या गोष्टीत होतो: आट्यांची मापं दोन, युरोपात बीएसपी, अमेरिकन मालाला एनपीटी. दोन फेरे बसतात, पुढे अडतं. जोर लावून टेफ्लॉन टेपने भागवलेलं फिटिंग पुढे गळतं.

ॲनोडच्या स्टॉलवर जास्त वेळ द्या. ॲनोड म्हणजे पंखा-शाफ्टऐवजी स्वतः झिजणारा धातूचा तुकडा. मांडवी आणि झुवारी मे महिन्यात खारट असतात, जुलैत वरच्या भागात जवळजवळ गोड्या. जस्ताचा ॲनोड गोड्या पाण्यात राहिला की त्यावर पांढरट थर चढतो आणि तो काम करेनासा होतो. पुन्हा खारं पाणी आलं तरी खरवडल्याशिवाय नीट चालत नाही. वरून बघणाऱ्याला ॲनोड शाबूत दिसतो आणि झिजत असतो तो पंखा. खाडीत बारमाही नांगरून ठेवलेल्या बोटीला ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा ॲनोड बरा. खाऱ्या आणि मचूळ, दोन्ही पाण्यांत तो चालतो. एकाच तळाला जस्त आणि ॲल्युमिनियम मिसळून लावू नका.

बोटीवर चढलात तर सोफा आणि टीव्ही सोडून थेट इंजिनाचं झाकण उघडायला सांगा. समुद्राचं पाणी ओढणाऱ्या पंपाचं झाकण, डिझेल फिल्टर आणि पाण्याची गाळणी इथपर्यंत हात पोचतो का? पोचत नसेल तर गोव्यातला मेकॅनिक दर वेळी अर्धी लादी उखडणार. पाणी आत घेणारे कॉक कुठल्या धातूचे आहेत ते लेखी मागा. साध्या पितळेतलं जस्त खाऱ्या पाण्यात निघून जातं, मागे राहतो ठिसूळ गुलाबी तांबट सांगाडा, आणि एके दिवशी तो हातात तुटून येतो. ब्राँझ किंवा जस्त न गमावणारं खास पितळ हवं. स्टीलची रेलिंग ३१६ दर्जाची आहे की ३०४, हे चुंबकाने कळत नाही. तिथेही कागदच मागा.

दुसरा प्रश्न उष्णतेचा. एसी, जनरेटर आणि हीट एक्स्चेंजर यांचे कॅटलॉगमधले आकडे समुद्राच्या पाण्याचं किती तापमान धरून दिलेत? बाल्टिकसाठी ठीक असलेली क्षमता एप्रिल-मेमधल्या तीस अंशांच्या पाण्यात उतरते. तळाच्या रंगाचंही तसंच. थंड पाण्यात दोन सीझन टिकणारा रंग आपल्याकडे तितका टिकेल असं धरू नका, उष्ण समुद्रासाठीचा प्रकार विचारून घ्या. विजेची एक गोष्ट मात्र सोपी: जर्मन उपकरणं २३० व्होल्ट, ५० हर्ट्झची, म्हणजे आपल्यासारखीच.

यॉटवर लिहिलेल्या सीई वर्गाने, म्हणजे युरोपीय प्रमाणपत्रातल्या श्रेणीने, हुरळून जाऊ नका. सी वर्ग म्हणजे वाऱ्याच्या जोराच्या ब्युफोर्ट मापावर ६ पर्यंतचा वारा आणि २ मीटरपर्यंतची लाट, बी म्हणजे ८ आणि ४ मीटर. आग्वादच्या रेतीच्या दांड्यावर पावसाळ्यात काय उठतं हे जाणणाऱ्याला यातला फरक सांगायला नको. शिवाय गोव्याच्या कॅप्टन ऑफ पोर्ट्सकडे (बंदर खात्याकडे) नोंदणीसाठी तेवढंच प्रमाणपत्र पुरेल असं समजू नका. आराखडे, स्थिरतेचं गणित आणि इंजिनाचे कागद सौदा होण्याआधीच मिळवा. किमतीचा हिशोब करताना आयात शुल्क धराच आणि विहाराच्या नौकांवर २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के जीएसटी आहे हेही धरा. स्टॉलवरचा आकडा म्हणजे निम्मी गोष्ट.

परतीच्या बॅगेत काय नको ते आधीच ठरवा. तळाचा रंग, रेझिनचा हार्डनर, संकटकाळी उडवायचे बाण हे विमानात चालत नाही. इलेक्ट्रिक आउटबोर्डची बॅटरीही नाही, कारण प्रवाशाबरोबर नेता येणाऱ्या लिथियम बॅटरीची मर्यादा १६० वॉट-तास आहे आणि या बॅटऱ्या हजाराच्या घरात असतात. आपोआप फुगणाऱ्या लाइफ जॅकेटचं गॅसचं नळकांडं एअरलाइनची परवानगी घेऊन नेता येतं, ती लेखी असू द्या. धंद्यासाठीचे दहा रेग्युलेटर (डायव्हरला टाकीतून हवा देणारी उपकरणं) बॅगेत घालून आणणं हा वैयक्तिक सामानाचा मामला राहत नाही. तो माल कार्गोने, कंपनीच्या नावावर आणि आयात कोडसह मागवा.

खासगी वापरासाठी हातात घेतलेल्या काही मालावर ५० युरोंच्या वरच्या बिलाला १९ टक्के जर्मन कर परत मागता येतो. बिल देतानाच निर्यातीचा फॉर्म घ्या. हा फॉर्म द्यायला सगळे स्टॉल तयार नसतात, म्हणून पैसे देण्याआधी विचारा. शिक्का फ्रँकफर्टला कस्टम्स मारतं आणि माल दाखवावा लागतो, म्हणजे बॅग काउंटरवर सोडून देण्याआधी तिकडे जायचं. त्यासाठी नेहमीपेक्षा तासभर जास्त हाताशी ठेवा.