ॲप की वही? खर्चाच्या हिशेबासाठी मी काय ठेवलं

गेल्या काही महिन्यांत दोन-तीन मित्रांनी एकच प्रश्न विचारला: खर्च लिहायचा ठरवलाय, पण ॲप घेऊ की वही करू? मी दोन्ही केलंय. जून २०२३ पासून १७ महिने ॲप वापरलं. २०२४ च्या गणपतीत वही सुरू केली, दिवाळीपर्यंत दोन्ही शेजारी शेजारी चालवली आणि पाडव्याला ॲप काढून टाकलं. आम्ही पुण्यात कोथरूडला राहतो, दोघंही नोकरी करतो, आई-बाबा रिक्षाने जाण्याच्या अंतरावर आहेत. तुमच्या घराची घडी वेगळी असेल तर तुमचा निकालही वेगळा लागू शकतो, हे आधीच सांगून ठेवतो.

मला बचत वाढवायची म्हणून हे सुरू केलं नव्हतं. एसआयपी (म्युच्युअल फंडातली दरमहाची गुंतवणूक) पगाराच्या दुसऱ्या दिवशी जाते, घराचा हप्ता पाच तारखेला जातो. टोचत होतं ते दुसरंच. तुला महत्त्वाचं काय वाटतं असं कुणी विचारलं असतं, तर मी न अडखळता सांगितलं असतं: आई-बाबा, जवळची माणसं आणि पुस्तकं. पण महिन्याच्या पंचवीस तारखेच्या सुमारास भाच्याचा वाढदिवस आला की माझा हात आखडायचा, आणि मधले पैसे कुठे गेले ते सांगता यायचं नाही. आपण तोंडाने म्हणतो ते आणि खिशातून जातं ते, यांचा मेळ बसतो का, एवढंच मला बघायचं होतं.

आधी ॲपबद्दल, कारण त्याने मला खरोखर मदत केली आहे.

ॲप बँकेचे एसएमएस वाचतं, नाहीतर अकाउंट ॲग्रिगेटरमार्फत, म्हणजे तुमच्या संमतीने बँकेची माहिती ॲपपर्यंत पोचवणाऱ्या मधल्या कंपनीमार्फत, तुमच्या खात्याचे व्यवहार मागवतं. आयफोनवर पहिला प्रकार चालत नाही. कुणीतरी आपले मेसेज वाचतंय हे खटकत असेल तर ॲग्रिगेटरचा मार्ग मला बरा वाटतो. २०२१ पासून सुरू झालेली ही सोय रिझर्व्ह बँकेच्या परवान्यावर चालते. संमती ठरावीक मुदतीची असते, ती मागे घेता येते, आणि मधल्या ॲग्रिगेटरला स्वतःला तुमची माहिती वाचता येत नाही.

पहिल्याच आठवड्यात ॲपने माझ्या दोन विसरलेल्या वर्गण्या (सबस्क्रिप्शन) शोधून दिल्या, एक १४९ ची आणि एक २९९ ची. अशी आपोआप जाणारी रक्कम कापण्याआधी २४ तास सूचना यायला हवी असा नियम आहे, आणि ती येतही होती. रोजच्या ढिगाऱ्यात मी ती वाचत नव्हतो. वहीने हे कधीच पकडलं नसतं, कारण जो खर्च आठवतच नाही तो लिहिणार कसा? दोन-तीन क्रेडिट कार्डं असतील, नवरा-बायको दोघांचे खर्च एका ठिकाणी बघायचे असतील, कामासाठी सतत फिरती असेल, तर ॲपला तोड नाही. माझी बायको महिन्यातले दहा दिवस बाहेरगावी असते. ती आजही ॲपच वापरते आणि तिचं बरोबर चाललंय.

महिन्याची बेरीजही चोख असते. थोडी फट राहते ती यूपीआय लाइटमुळे, म्हणजे छोट्या रकमांसाठी आधी पैसे भरून ठेवायच्या यूपीआयमधल्या पाकिटामुळे. चहा-वडापावचे पैसे त्यातून दिले की पासबुकात प्रत्येक व्यवहार वेगळा येत नाही, लाइटमध्ये भरलेली रक्कम तेवढी दिसते. पण तेवढं चालतं.

माझं अडलं ते नावांपाशी.

मी भाजी घेतो त्या मावशींच्या गाडीवर क्यूआर कोड लावलेला आहे. स्कॅन केला की भलत्याच पुरुषाचं नाव येतं. एकदा विचारलं, "मावशी, हे कोण?" म्हणाल्या, "पोरगा हाय माजा. त्याच्याच खात्यावर येतंय समदं." फुलवाल्याचं तसंच, त्याचा कोड मेव्हण्याच्या नावावर. सलूनवाला, इस्त्रीवाला, रिक्षावाले काका, नारळपाणीवाला, घरी कामाला येणाऱ्या ताई, गल्लीतल्या मंडळाचे खजिनदार, सगळे बँकेच्या लेखी निव्वळ व्यक्ती. त्यामुळे ॲपमध्ये ही सगळी मंडळी एकाच रकान्यात जाऊन बसायची: 'ट्रान्सफर', किंवा 'इतर'. मी हाताने 'भाजी' केलं तर पुढच्या वेळी ॲपला आठवायचं, हे खरं. पण त्याच माणसाला मी दुसऱ्या कारणासाठी पैसे दिले की ते पुन्हा चुकायचं. कामाच्या ताईंचा पगार 'घरकाम' झाला, ठीक. त्यांच्या मुलीच्या बारावीच्या फॉर्मसाठी दिलेले १,००० रुपयेही 'घरकाम'च झाले.

सप्टेंबर २०२४ चा हिशेब माझ्याकडे अजून आहे. हप्ता आणि एसआयपी सोडून महिन्याचा खर्च २६,००० च्या आसपास होता. त्यातले साडेनऊ हजार 'इतर'. ॲपमध्ये त्याचं राखाडी रंगाचं वर्तुळ होतं, आणि त्या राखाडी भागात माझी सगळी गल्ली होती, माझी जवळची माणसं होती. ज्यांच्यावर खर्च व्हावा असं मला वाटत होतं, तीच तिथे दिसत नव्हती. 'शॉपिंग'मध्ये अप्पा बळवंत चौकातून आणलेली पुस्तकं आणि गरज नसताना घेतलेले बूट एकाच रंगात होते.

दुरुस्त्या करता येतात. मी सहा महिने रोज रात्री केल्या. बोटाने एक-एक नोंद उघडायची, रकान्यांची यादी खाली सरकवायची, निवडायची, मागे यायचं. बारा नोंदींना जेवढा वेळ लागायचा तेवढ्यात वहीत दोन पानं होतात. आणि एवढं करूनही मी ॲपने आखलेल्या रकान्यांतच फिरत होतो. मग एक दिवस वाटलं, रोज बसायचंच आहे तर स्वतःच्या रकान्यांत का बसू नये?

वहीची पद्धत नवीन नाही. आपल्याकडे दुकानदारीत कीर्द आणि खतावणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कीर्द म्हणजे रोजचं रोज, तारखेवार, जसं घडलं तसं लिहिणं. पेशवे दफ्तरात रोजकीर्दींचे रुमालच्या रुमाल (कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे) आहेत. खतावणी म्हणजे कीर्दीतली प्रत्येक नोंद उचलून ज्या त्या खात्यावर नेऊन मांडणं. जपानी लोकांचं काकेबोही याच जातीचं आहे. १९०४ मध्ये हानी मोतोको या पत्रकार बाईंनी घरगुती हिशेबासाठी ते सुरू केलं. त्यात खर्चाचे चार गट असतात: गरज, हौस, संस्कृती आणि अचानक आलेला खर्च. पुस्तकाला 'शॉपिंग'पेक्षा निराळं घर मिळालंय हे पाहून मला बरं वाटलं.

ॲप कीर्द आणि खतावणी एका दमात करून टाकतं. खर्च झाला की खातं ठरलेलंच. वहीत मी रोज रात्री फक्त कीर्द लिहितो, यूपीआयचा इतिहास उघडून, पाच-सात मिनिटांत. खतावणी रविवारी सकाळी. या दोन्हींच्या मधले जे चार-सहा दिवस असतात, त्यांनीच माझा निर्णय ठरवला. मंगळवारी दिलेले ३४० रुपये रविवारी पुन्हा समोर येतात, आणि तेव्हा ठरवावं लागतं की हे कुणाच्या खात्यावर टाकायचे. कुणाला दिले ते बँकेला माहीत असतं. कशासाठी दिले ते मला सांगावं लागतं, आणि तेही हाताने, पेनाने.

दसऱ्याचं पान सांगतो. १२ ऑक्टोबर २०२४, शनिवार. त्या दिवशी दोन्ही चालू होती, म्हणून तुलना सरळ करता येते.

झेंडू आणि आपट्याची पानं, १२०. ॲपमध्ये: व्यक्तीला पाठवले.
श्रीखंड, ३६०. ॲपमध्ये: खाद्यपदार्थ.
आईची औषधं, १,८६०. ॲपमध्ये: आरोग्य.
भाच्याला कंपासपेटी आणि रंग, ४१५. ॲपमध्ये: शॉपिंग.
दहा मिनिटांत घरपोच मागवलेली कोथिंबीर आणि लिंबं, सगळे आकार धरून ९८. ॲपमध्ये: किराणा.
कॅब, २७०. ॲपमध्ये: प्रवास.

ॲपचं यात फारसं चुकलेलं नाही. पण रविवारी खतावणी करताना शेवटच्या दोन नोंदींपाशी मी थांबलो. कोथिंबीर किराणा होती का? मावशींची गाडी खाली दीडशे पावलांवर होती. कॅब प्रवास होता का? आईकडे जायला मी अर्धा तास उशिरा निघालो म्हणून ती केली, एरवी रिक्षाने ६० रुपयांत जातो. तेव्हा मी वहीच्या मागच्या पानावर एक नवीन खातं उघडलं: 'घाई'.

पुढच्या महिनाभरात त्या खात्यावर ३,४०० रुपये जमा झाले. उशिरा निघालो म्हणून कॅब. डबा केला नाही म्हणून मागवलेलं जेवण. वीजबिलाचा विलंब आकार. चार्जर घरी विसरला म्हणून स्टेशनवर घेतलेला दुसरा चार्जर. ॲपने हे सगळं प्रवास, खाणं, बिलं, इलेक्ट्रॉनिक्स अशा चार ठिकाणी वाटून टाकलं असतं, आणि चारही ठिकाणी ते अगदी रास्त दिसलं असतं. त्याच महिन्यात 'माणसं' या खात्यावर होते २,१००. ती दोन पानं शेजारी ठेवून मी बराच वेळ बसलो होतो. मला वाटायचं की माझा पैसा माणसांसाठी आहे. तो घाईसाठी होता.

हे आकडे एका घरातल्या एका महिन्याचे आहेत, त्यावरून नियम काढता येत नाही. एखादं चांगलं ॲप स्वतःचे रकाने बनवू देतं आणि 'घाई' तिथेही घालता येईल, हेही मान्य. पण १७ महिन्यांत मला ते सुचलं नाही, वहीत पाचव्या आठवड्यात सुचलं. दोष माझा असेल, पण ॲपने आधीच भरून दिलेल्या उत्तरावर मी दुसऱ्यांदा विचार करत नव्हतो हे नक्की.

वहीचे तोटे लपवत नाही. प्रवासात ती मागे राहते. आठ दिवस खंड पडला की पुन्हा बसायचा कंटाळा येतो, आणि रोख दिलेले पैसे तोपर्यंत आठवेनासे होतात. म्हणून रोख खर्च मी आता लगेच स्वतःलाच मेसेज करून ठेवतो. बेरजा हाताने कराव्या लागतात. वर्षाचा आलेख मिळत नाही. घरातल्या दुसऱ्या माणसाला ती बघायची असेल तर घरीच यावं लागतं. आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमांसाठी मी महिन्यातून एकदा बँकेचं स्टेटमेंट काढून ताडून बघतो. ही एक गोष्ट ॲपकडूनच शिकलो, आणि वहीवाल्या प्रत्येकाने ती करावी असं मला वाटतं.

तिसरा पर्याय पाकिटांचा. आमच्या आईचे स्वयंपाकघरात डबे असायचे: दूध, पेपर, वर्गणी, पाहुणे. आजच्या सोयीने करायचं तर दुसरं बचत खातं उघडून त्यात आठवड्याची रक्कम टाकायची आणि रोजचं यूपीआय त्यालाच जोडायचं. किमान शिल्लक किती ठेवावी लागते ते आधी बघा. खर्चाला लगाम घालायचा असेल तर हा सगळ्यात कमी कटकटीचा मार्ग आहे. मी तीन महिने केला, पैसे उरले. पण गेलेले पैसे कशासाठी गेले हे त्यातून कळत नव्हतं, आणि माझा प्रश्न तोच होता. एक्सेलच्या वाटेला मी गेलो नाही. दिवसभर ऑफिसात तेच असतं.

तर कुणी काय घ्यावं? महिन्याला एकूण किती जातात हेच माहीत नसेल, तर आधी ॲप घ्या. तीन महिने नुसतं बघा, विसरलेल्या वर्गण्या बंद करा. तेवढ्यानेही पुष्कळ फरक पडेल. बेरीज माहीत आहे, ओढाताणही नाही, तरी मनात काहीतरी सलत असेल, तर माझा कल वहीकडे आहे. आणि तुमचा बराचसा खर्च गल्लीतल्या माणसांकडे, त्यांच्या मुलांच्या आणि मेव्हण्यांच्या नावांवर जात असेल, तर जरा जास्तच.

वही साधी घ्या. मी २०० पानी, लांबट, रेघांची घेतली. चार रकाने आखले: तारीख, काय, किती, आणि एक मोकळा. तो मोकळा रकाना रविवारपर्यंत मोकळाच राहू द्या. खात्यांची नावंही आधी ठरवू नका. मी पहिल्या दिवशी हौसेने नऊ नावं लिहून ठेवली होती, त्यातली पाच महिनाभरात खोडली. आता माझी सहा आहेत: घर, आई-बाबा, माणसं, वाचन, हौस आणि घाई. गेल्या महिन्यात 'माणसं' ३,९०० होतं आणि 'घाई' १,१५०. आणखी ४२० एका संध्याकाळचे होते. बाबांना दवाखान्यात न्यायचं होतं, रिक्षा मिळेना, म्हणून कॅब केली. ती नोंद मी आधी 'घाई'वर टाकली होती. रविवारी खोडून 'आई-बाबा'वर नेली.