बायरक्तार टीबी२ : ॲव्हरेज जबरदस्त, पण आभाळ मोकळं पाहिजे

आधीच सांगतो, हा बॉम्ब टाकणारा लष्करी ड्रोन मी उडवलेला नाही. मी लग्नं, साखरपुडे, प्री-वेडिंग शूट करणारा माणूस, ड्रोनवरच पोट आहे, म्हणून २०२० पासून या तुर्की मशीनच्या मागे लागलोय, जे मिळेल ते वाचतो आणि व्हिडिओ थांबवून थांबवून बघतो. माझा ड्रोन अर्धा तास व्हायच्या आत बॅटरी बॅटरी करून बोंबलायला लागतो, गेल्या सीझनला तर वरात ऐन रंगात असताना सिग्नल तुटला आणि पठ्ठ्या उसात जाऊन पडला, मी आणि नवरदेवाचा मामा टॉर्च घेऊन दोन तास शोधत होतो. आणि हा टीबी२ सलग २७ तास हवेत राहतो. २७!

आता बनावट. पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत १२ मीटर, लांबी साडेसहा मीटर, सगळं भरून वजन ७०० किलो, म्हणजे आपल्या जुन्या मारुती ८०० पेक्षा थोडंसंच जास्त. मागे दोन दांड्यांवर उलट्या व्ही सारखी शेपटी आणि पंखा नाकावर नाही तर मागे, ढकलणारा. इंजिन रोटॅक्स ९१२, १०० हॉर्सपॉवर, हौशी लोक दोन सीटच्या छोट्या विमानात बसवतात तेच. टाकी ३०० लिटरची आणि स्पीड आरामात ताशी १३० किलोमीटर, मी बसून हिशोब केला तर लिटरला साडेअकरा-बारा पडतो, आमच्या बोलेरोच्या आसपास. हसू नका, सगळी गंमत इथेच आहे. भारी इंजिन नाही, वेग नाही, चार छोटे बॉम्ब उचलतो बस्स, पण कमी तेलात तासन् तास वर घिरट्या घालत बघत राहतो.

बघण्याचं काम पोटाखालच्या गोळ्याचं. दिवसाचा कॅमेरा, रात्री उष्णतेवर बघणारा कॅमेरा आणि लेझर, सगळं एकाच गिंबलवर, म्हणजे कॅमेरा स्थिर धरून फिरवणाऱ्या मुठीवर. लेझरचा ठिपका निशाण्यावर धरून ठेवायचा, २२ किलोचा मॅम-एल बॉम्ब त्या ठिपक्यावर जाऊन बसतो. खाली ट्रकवरच्या कंटेनरमध्ये ऑपरेटर लोक, एक उडवणारा, एक कॅमेरा-लेझर सांभाळणारा, एक साहेब. टेकऑफ-लँडिंग आपोआप. गिंबलवाल्याचा हात मला व्हिडिओत ओळखू येतो, झूम केल्यावर जरा सरकतं, मग हळूच मधे आणून लॉक. आम्हीही नवरीवर तसंच लॉक करतो.

सर्व्हिस आणि स्पेअरचं मात्र दुखणं होतं. कॅमेरा कॅनडाचा, आर्मेनिया-अझरबैजानची काराबाखची लढाई पेटल्यावर २०२० च्या ऑक्टोबरमध्ये कॅनडाने एक्स्पोर्ट थांबवला, इंजिनवाल्यांनीही हात आखडता घेतला. तुर्कस्तानने मग स्वतःच्या आसेलसान कंपनीचा कॅमेरा बसवला. मुळात अमेरिकेने आपले सशस्त्र प्रिडेटर-रीपर ड्रोन दिले नाहीत म्हणूनच तर हे घरचं पोर मोठं झालं, त्यामुळे अडवणुकीची सवय होतीच.

परफॉर्मन्सबद्दल लोक काराबाखचे व्हिडिओ दाखवतात, ४४ दिवसांत आर्मेनियाचे रणगाडे, तोफा, विमानं पाडणाऱ्या ओसा मिसाईलच्या गाड्या एकेक करून उडताना. खरं आहे. पण मी एडिटिंग करणारा माणूस आहे हो, मला माहितीये फायनल व्हिडिओत काय जातं आणि काय डिलीट होतं, जो ड्रोन पाडला त्याची क्लिप कंपनी थोडीच टाकणार? लिबियात हे ढिगाने पडले. काराबाखमध्ये अझरबैजानने जुनी एएन-२ विमानं पायलटशिवाय उडवून समोरच्यांची मिसाईलं बाहेर काढायला लावली, इस्रायलचे हारोप, म्हणजे निशाण्यावर जाऊन स्वतःच फुटणारे ड्रोन, सोडले, मग टीबी२ ला रान मोकळं मिळालं. युक्रेनमध्येही २०२२ च्या सुरुवातीला ताफेच्या ताफे फोडले, रशियाची एअर डिफेन्स आणि सिग्नल तोडणारं जॅमिंग नीट लागल्यावर तोच हिरो बराचसा मागे राहून नुसतं बघायच्या कामाला लागला. एवढा हळू आणि एवढा मोठा, रडारवाला जागा असेल तर सुटतोय कसला.

किमतीचं म्हणाल तर २०२२ मध्ये लिथुआनियाच्या लोकांनी युक्रेनला एक घेऊन द्यायला ५० लाख युरोंचं टार्गेट ठेवलं, तेव्हाचे साधारण ४० कोटी, चार दिवसांच्या आत जमले, आणि कंपनीने ड्रोन फुकट दिला. असली पब्लिसिटी पैसे देऊन मिळत नाही. आपण २०२४ मध्ये ३१ अमेरिकन एमक्यू-९बी ड्रोन घ्यायचा करार केला त्याचे सुमारे ३२,००० कोटी. त्यात ग्राउंड स्टेशन, बॉम्ब वगैरे सगळं आलं, मशीनही फार वरच्या क्लासचं, पण तरी आकडे शेजारी ठेवले की टीबी२ ला गिऱ्हाईक का मिळतं ते कळतं.

स्वस्त म्हणून कुणालाही परवडतो, हाच लोच्या. इथिओपियात तिग्रायमधल्या देदेबितला घरदार सोडून आलेले लोक एका शाळेत राहत होते, तिथे जानेवारी २०२२ मध्ये हल्ला झाला, ५० च्या वर माणसं गेली, आणि सापडलेले तुकडे याच मॅम-एलचे निघाले. याला स्टार किती देऊ?

माझा ड्रोन वर गेला की भुंग्यासारखा आवाज करतो, मांडवातली पोरं, आज्या सगळ्या मान वर करतात, हात हलवतात, मला एडिटिंगला वैताग येतो, सगळ्यांचे चेहरे कॅमेऱ्याकडे. टीबी२ १८,००० फुटांवरून बघतो. त्याच्या व्हिडिओत ट्रकशेजारी उभे असलेले लोक बोलत असतात, कोणी सिगरेट पेटवतंय असं वाटतं, वर कोणीच बघत नाही.