अटलांटा की फिलाडेल्फिया: बस-मेट्रोचा पैसा कुणाच्या हातात बरा?

अमेरिकेतल्या अटलांटाच्या मार्टाचं, म्हणजे तिथल्या बस-मेट्रो संस्थेचं गणित सोपंय, फुल्टन, डीकाल्ब नि क्लेटन या काउंटींत (आपल्या जिल्ह्यांसारखे भाग) तुम्ही १०० डॉलरचे बूट घेतले की त्यावर १ डॉलर विक्रीकर मार्टाला, राज्याकडे दरवर्षी झोळी घेऊन जायची गरज नाही. पण या कराला काउंटीच्या लोकांनी मतदानात हो म्हणायला लागतं ना, तिथेच गाडी अडते. शेजारच्या ग्विनेट काउंटीने १९७१ ला नाही म्हटलं, २०१९ ला नाही, २०२० ला परत नाही, म्हणून मेट्रोचे रूळ आजही तिथे पोचलेले नाहीत, नि ट्रॅफिक मात्र काउंटीची हद्द बघून थांबत नाही. शिवाय मंदी आली, खरेदी घटली की उत्पन्नही घटणार.

फिलाडेल्फियाच्या सेप्टाचं, म्हणजे तिथल्या बस-मेट्रो संस्थेचं उलटं, चालवायच्या खर्चाचा मोठा भाग राज्याकडून. म्हणजे फिलाडेल्फियाच्या राज्यात, पेनसिल्व्हेनियात गव्हर्नर आणि विधिमंडळाचं एक सभागृह डेमोक्रॅट पक्षाचं, दुसरं सभागृह सिनेट रिपब्लिकन पक्षाचं, त्यांचं पैशावरून जमेना, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ३२ बस रूट सरळ बंद, शाळा सुरू व्हायच्या तोंडावर! मग बंद रूट परत सुरू करायचा कोर्टाचा आदेश आला आणि राज्याने ३९.४ कोटी डॉलरपर्यंतचा भांडवली निधी रोजच्या खर्चाला वापरू दिला, म्हणजे नव्या गाड्या-दुरुस्तीचे पैसे डिझेल-पगारात. तिकीट तरीही २.५० वरून २.९० झालंच.

मला विचाराल तर मार्टावालं बरं. विक्रीकर गरिबाला जास्त चावतो हे खरंच आहे, पण निदान सिनेटमधल्या भांडणापायी सकाळची बस गायब होत नाही.