चित्रे की लास ताब्लास? अझुएरोतला मुक्काम

पनामा सिटीहून अझुएरो द्वीपकल्पाकडे निघालात की मुक्कामाला दोन गावं समोर येतात. एक एरेरा प्रांताची राजधानी चित्रे, दुसरं तिथून तीसेक किलोमीटर दक्षिणेला, लोस सांतोस प्रांतातलं लास ताब्लास. (चित्रे वाचून मला आधी दादरचं एखादं बिऱ्हाडच आठवलं. उच्चारही साधारण तोच.) मी दोन्हीकडे राहिलोय.

कार्निव्हलसाठी जाणार असाल तर प्रश्नच नाही, लास ताब्लास. काये आरिबा आणि काये आबाहो, म्हणजे वरची आळी आणि खालची आळी, यांच्यात कुणाची राणी सरस यावरून जी चुरस लागते ती तिथेच बघावी. पेदासी आणि इग्वाना बेटही तिकडून जवळ.

एरवी मात्र माझी गोची झाली ती बसमुळे. पहिल्या खेपेला मी लास ताब्लासला उतरलो. परिताला जायचं? आधी चित्रेला या, गाडी बदला. ओकूला? पुन्हा चित्रे. संध्याकाळी तोच द्राविडी प्राणायाम उलटा. तिसऱ्या दिवशी चित्रेच्या स्टँडवर घामाघूम उभा असताना डोक्यात प्रकाश पडला: ज्या गावात रोज दोनदा उतरतोय, तिथेच पथारी का नाही टाकली?

दुसऱ्या खेपेला टाकली. एरेरा हा पनामाचा सर्वांत लहान प्रांत, सुमारे 2,340 चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याच्या दोन-तृतीयांशाहूनही कमी. त्यामुळे सगळं हाताशी. ला अरेनाचा कुंभारवाडा तर गावाला लागूनच. तिथल्या मडक्यांवर कोलंबसपूर्व नक्षी अजून काढतात, आणि ती उगीच नाही: जवळच्या मोनाग्रियोला सापडलेली खापरं साडेचार हजार वर्षांपूर्वीची, मध्य अमेरिकेतल्या सर्वांत जुन्यांपैकी. ला अरेनाचा ताजा पावही घ्याच. शाकाहारी माणसाला या भागात तोच खरा आधार, निदान मला तरी होता.

सारिगुआला टॅक्सी करावी लागते. लोक त्याला वाळवंट म्हणतात, पण झाडं तोडून आणि गुरं चारून उघडी पडलेली ती खारट जमीन आहे. बघून जीव थोडा खट्टू होतो.

गंमत म्हणजे लोस सांतोस प्रांताचं ऐतिहासिक गाव, ला व्हिया, तेही चित्रेहूनच जवळ. मधे फक्त नदी. 10 नोव्हेंबर 1821 ला स्पेनविरुद्धची हाक तिथून उठली. कॉर्पस क्रिस्तीला तिथे मुखवटे घालून सैतान नाचतात. पनामातल्या या सणाच्या नृत्यांना 2021 मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत जागा मिळाली.

चित्रे देखणं आहे असं मी म्हणणार नाही. बाजारपेठेचं गाव, गजबज भरपूर, आणि लास ताब्लासचा निवांतपणा कुणाला जास्त भावेलही. शिवाय हा पनामाचा कोरडा पट्टा, दुपारी अक्षरशः भाजून निघतो. खोली घेताना एसी चालू करून बघा, मगच बॅग आत न्या.