ओमाहा हाय-लो शिकायचंय? ही शनिवारची शिकवणी करा, पण शेवटपर्यंत थांबा

सॅन होजेजवळच्या एका कार्डरूममध्ये शनिवारी सकाळी, टेबलं भरायच्या आधी, ओमाहा हाय-लो या पोकरच्या प्रकाराची फुकट शिकवणी असते, साधारण दोन तासांची. टेक्सस होल्डम (पोकरचा सगळ्यात जास्त खेळला जाणारा प्रकार) येतंय आणि आता पुढचं काहीतरी शिकायचंय अशा कुणालाही मी ही बिनधास्त सांगेन. 5 पैकी साडेचार, अर्धा का कापला ते खाली येतंय.

ज्यांना खेळच माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. प्रत्येकाला चार पानं उपडी, मधे टेबलवर पाच उघडी (पहिल्यांदा तीन, मग एक, मग अजून एक) आणि पॉटचे (डावात जमलेल्या पैशांचे) दोन भाग, अर्धा सगळ्यात मोठ्या हाताला आणि अर्धा सगळ्यात लहान हाताला. लहान हात कधी धरायचा तर पाचही पानं वेगवेगळ्या आकड्यांची हवीत आणि सगळी अठ्ठी किंवा त्याखालची, एक्का लोमध्ये सगळ्यात लहान. असा हात कुणाचाच बसला नाही तर त्या डावात लो नाहीच, अख्खा पॉट हायवाल्याचा. तीन पत्तीत मुफलिस खेळलेल्यांना लहान हात जिंकतो हे नवीन नाही, पण इथे मोठा आणि लहान दोन्ही एकाच डावात चालतात आणि एकच माणूस दोन्ही बाजू मारू शकतो. एक्का-दुर्री-तिर्री-चौकी-पंजी हा सगळ्यात भारी लो, आणि सिक्वेन्स किंवा कलर झाला तरी लोचं काही बिघडत नाही, त्यामुळे तीच पाच पानं हायसाठी सिक्वेन्स म्हणूनही चालतात!

आता शिकवणीबद्दल. शिकवणाऱ्या बाई आधी बरीच वर्षं डीलर होत्या आणि त्यांची पद्धत मला प्रचंड आवडली. नियमांचा कागद हातात देऊन वाचत बसत नाहीत. पहिला बराच वेळ सगळ्यांची चारही पानं उघडी ठेवून डाव वाटतात, बेटिंग नाही काही नाही, फक्त शेवटी प्रत्येकाने मोठ्याने बोलायचं, "हायसाठी माझी ही दोन आणि टेबलवरची ही तीन, लोसाठी माझी ही दोन आणि टेबलवरची ही तीन." हाय आणि लोसाठी हातातली जोडी वेगवेगळी घेता येते, पण दोन म्हणजे दोनच, एक नाही, तीन नाही. होल्डमवाल्यांची गाडी नेमकी इथेच अडते. टेबलवर चार बदाम पडलेत आणि हातात बदामचा एकटा एक्का आहे तर होल्डममध्ये तो कलर झाला, इथे काहीच झालं नाही, कारण दुसरं बदाम हातातलंच लागतं. तसंच टेबलवर अठ्ठी किंवा त्याखालची तीन वेगवेगळी पानं आली नसतील तर हातात एक्का-दुर्री असून पण कुणाचाच लो होऊ शकत नाही. हे ऐकून लक्षात राहत नाही, दहा डाव स्वतःच्या तोंडाने बोलल्यावर राहतं.

लो वाचायची त्यांची रीत तर एकदम सोपी. पानं मोठ्याकडून लहानाकडे लावायची, एक्क्याला 1 धरायचं आणि सरळ संख्या म्हणून वाचायची, लहान संख्या जिंकली. म्हणजे सत्ती-पंजी-चौकी-दुर्री-एक्का हा 75421 आणि सत्ती-छक्की-तिर्री-दुर्री-एक्का हा 76321, तर पहिला जिंकला. बरेच जण खालची पानं बघून दुसरा भारी समजतात, या रीतीने तो घोळ होतच नाही.

मग येतो तो भाग ज्यासाठी मी म्हणेन की जाच. हातात एक्का, दुर्री, राजा, राणी. टेबलवर तिर्री, सत्ती, अठ्ठी. तुमचा लो 87321, याच्यापेक्षा भारी लो आत्ता होऊच शकत नाही. पुढचं पान पडतं दुर्री. तुमचा लो आहे तिथेच राहिला, पण ज्याच्याकडे एक्का-चौकी आहे तो आता टेबलवरची दुर्री-तिर्री-सत्ती घेऊन 74321 ला पोचला आणि तुम्ही गेलात. राजाच्या जागी तुमच्या हातात चौकी असती तर तुम्हीसुद्धा तिथेच असता. म्हणून एक्का-दुर्रीसोबत तिसरं लहान पान असलेला हात केवढा जास्त दमदार, हे त्या उघड्या पानांवर दाखवतात तेव्हा लगेच डोक्यात बसतं. नव्वी-अठ्ठी-सत्ती-छक्कीसारखी मधली पानं का टाकून द्यायची तेही असंच, त्यांचा सिक्वेन्स जुळायला टेबलवर बहुतेकदा लहान पानंच यावी लागतात, म्हणजे तुम्ही हाय जिंकलात तरी अर्धा पॉट लोवाल्याकडे गेलाच.

आता तो कापलेला अर्धा. लोमध्ये दोघांची बरोबरी झाली की लोचा अर्धा परत दोघांत वाटला जातो, म्हणजे प्रत्येकाला पाव. या खेळात पैसे सगळ्यात जास्त इथे जातात आणि हाच भाग शिकवणीत शेवटच्या पंधरा मिनिटांत उरकतात, तोपर्यंत निम्मे लोक कॉफीला उठलेले असतात. हिशोब इथेच मांडतो. तिघांनी 60-60 डॉलर टाकले, पॉट 180, तुमचा पाव 45, म्हणजे सगळ्यात भारी लो हातात असून 15 चा तोटा! चौघं असतील तर पॉट 240, पाव 60, जेमतेम बरोबरी. पाच जण असतील तेव्हा कुठे 15 सुटतात. म्हणून नुसती एक्का-दुर्री घेऊन, हायची काहीच आशा नसताना, तिघांच्या पॉटमध्ये रेझ मारत सुटायचं नाही. अख्खा पॉट उचलता येईल असा हात धरायचा, अर्ध्यावर डोळा ठेवून या खेळात बसायचंच नाही. हे शिकवणीच्या पहिल्या अर्ध्या तासात यायला हवं असं माझं ठाम मत आहे आणि मी त्यांना तसं लिहून पण दिलंय.

बाकी सोय चांगली. पानांवरचे आकडे मोठे, त्यामुळे टेबलच्या टोकाला बसूनही दिसतं. मधेमधे टूर्नामेंटच्या घोषणा चालू असतात त्याचा त्रास होतो, डीलरच्या जवळची खुर्ची पकडा. शिकवणी संपली की 4-8 लिमिटचं (बेट ठरलेली, आधी 4 आणि नंतर 8 डॉलरची) टेबल लागतं पण लगेच बसायची कुणी जबरदस्ती करत नाही, मागे उभं राहून डाव बघू देतात. आणि हा खेळ आला की हॉर्समधलं (HORSE, पोकरचे पाच प्रकार आलटून-पालटून, प्रत्येकाचं एक अक्षर) दुसरं अक्षर तुमचं झालं, आणि शेवटचं अक्षर ज्याचं, त्या स्टड हाय-लोमध्ये पण अठ्ठीचा हाच नियम असल्याने तेही अर्धं झालं. 2006 ला पोकरच्या वर्ल्ड सिरीजमध्ये 50,000 डॉलरची पहिली हॉर्स स्पर्धा चिप रीझने जिंकली, अशा पाच खेळांच्या स्पर्धेत नुसत्या होल्डमवर निभाव लागणं अवघड.

भारतातल्या मित्रांनी विचारलं म्हणून सांगतो, 2025 च्या कायद्यानंतर तिकडे पैशांचं ऑनलाइन पोकर बंदच झालंय, पण उघड्या पानांची ही प्रॅक्टिस घरी एका कॅटवर चौघांत पैसे न लावता छान होते, मी स्वतः नाशिकच्या चुलतभावाला व्हिडिओ कॉलवर अशीच शिकवतोय.

यायचं असेल तर आदल्या दिवशी फोन करून नाव लिहून ठेवा, एका टेबलला नऊच जण घेतात आणि दुसरं टेबल लावत नाहीत.