मोका पॉट टाकून देऊ नका, आधी रिंग बदला (सिलिकॉन रिंग सेट रिव्ह्यू)

आमचा ३ कपांचा बियालेट्टी कंपनीचा मोका पॉट (गॅसवर कॉफी करायचं दोन मजली भांडं) बारा वर्षांचा झालाय, बाबांनी आणलेला, आणि गेले दोन महिने कॉफी वर चढायच्या ऐवजी मधल्या जॉइंटमधूनच फसफसत बाहेर यायची, वर जेमतेम अर्धा कप आणि तोही करपट. नवीनच घेऊ असं घरात ठरत आलं होतं पण माझं मनच होईना. उघडून बघितलं तर रबरी रिंग पिवळी पडून कडक झालेली, अगदी जुन्या कुकरच्या रिंगसारखी. खालच्या भांड्यातला वाफेचा दाबच पाण्याला कॉफीतून वर ढकलतो, रिंग ढिली झाली की दाब टिकणार कसा?

ऑनलाइन मागवलेली पहिली रिंग बसलीच नाही. "३ कप" लिहिलेलं असलं तरी प्रत्येक कंपनीचा साइज वेगळा असतो हो, त्यामुळे जुनी काढून आतला आणि बाहेरचा व्यास मोजूनच घ्या. हा दुसरा सेट सिलिकॉनचा, रिंगा आणि सोबत जाळी, दोन मिनिटांत बसला. जुनी रिंग काढताना सुरी घालू नका, अ‍ॅल्युमिनियमला चरे पडतात, मी लाकडी टूथपिक वापरली. पहिल्या दोन वेळची कॉफी ओतून दिली, मग रबराचा वास गेला.

आणि बाजूचा सेफ्टी व्हॉल्व्ह नक्की बघा, तो क्षाराने जाम झाला असेल तर पॉट गॅसवर ठेवूच नका, पाणीही व्हॉल्व्हच्या खालपर्यंतच भरा. आज सकाळी मंद गॅसवर कॉफी पूर्ण वर आली, एक थेंब बाहेर नाही, बाबा जाम खूश. पाचपैकी पाच.